दिवा जायलाही हवा, यायलाही हवा

(महासंघाच्या मे महिन्याच्या मेळाव्यात, बेलापूर, नवी मुंबई इथे क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी मी उभी राहिले की तुम्हाला माहीत असतं, आता ही हप्ते, वही आणि बँकेचं बोलणार. आज ते नाही. आज मी सायकलच्या दिव्याबद्दल बोलणार आहे. दिव्यापेक्षाही त्याच्या बॅटरीबद्दल. काही जणी हसतायत. हसा. पण यामागे एक गोष्ट आहे आणि त्यात चूक माझी आहे. ती आधी सांगते.

आपल्यातल्या कितीतरी जणी पहाटे साडेचारला घर सोडतात. कुणी भाजीची टोपली घेऊन गव्हाण फाट्यापर्यंत सायकलवर जाते, तिथून टेम्पोने तुर्भ्याच्या मार्केटला. कुणी उलव्यात, सीवूड्सला घरकामाला जाते. कुणाची महापे, रबाळेच्या कंपनीत दुसरी पाळी असते, ती रात्री घरी येते. पामबीच रस्त्यावर दिव्यांचा लखलखाट आहे, पण आपण पामबीचवर राहत नाही. आपल्या गावाच्या रस्त्याला एक खांब चालू, दोन बंद. त्यात उरणकडचे कंटेनरचे ट्रेलर, रेतीचे डंपर, आणि कडेला उघडं गटार.

मागच्या वर्षी एका गटाने मला विचारलं, "मॅडम, सायकलला चांगला दिवा कुठला घ्यायचा?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मी बघते. एका दुकानात गेले. दुकानदाराने दिवा लावला आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. सेलवर लिहिलेलं होतं ९९०० एमएएच. मला वाटलं, आकडा मोठा म्हणजे सेल मोठा. गटाने अंतर्गत कर्जातून दहा दिवे घेतले. मीटिंगमध्ये आम्ही पाच मिनिटं लावून बघितले, टाळ्या वाजवल्या. सेल तासाभरात फुल्ल चार्ज व्हायचे. मला त्याचंही कौतुक, किती पटकन चार्ज होतो बघा!

दोन आठवड्यांनी त्यातल्या एका ताईंचा दिवा संध्याकाळी परत येताना वाटेतच विझला. पावसाने रस्ता आणि गटार एकसारखं दिसत होतं. मागून ट्रेलर आला, त्या कडेला सरकल्या आणि सायकलसकट गटारात गेल्या. मनगट मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये. दीड महिना भाजी नाही, म्हणजे पैसा नाही, म्हणजे हप्ता नाही. गटाने हप्ता पुढे ढकलला, त्याबद्दल त्या गटाचे आभार. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला एक शब्दही लावून बोललं नाही. एवढंच म्हणाल्या, "दिवा चांगला होता गं पोरी. पण तो जायला होता, यायला नव्हता."

ताईंनो, त्यांची परवानगी घेऊन मी हे सांगते आहे. आणि तुमच्यासमोर त्यांची आणि त्या गटाची माफी मागते. मी दिव्याचा उजेड बघितला, बॅटरीचे तास मोजलेच नाहीत. तेव्हापासून मी हा विषय समजून घेतला. दुरुस्तीवाल्या दादांकडे बसले, सेल वजनकाट्यावर ठेवले, घड्याळ लावून दिवे जाळले. आता पावसाळा तोंडावर आहे, आणि अजून तीन गट दिवे घ्यायचं म्हणतायत. म्हणून आजच सांगते.

पहिली गोष्ट, बॅटरीची भाषा. डब्यावर तीन शब्द असतात, ते कळले की दुकानदार आपल्याला फसवू शकत नाही.

पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंचावर, तितका नळाला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. टाकीत पाणी किती, ते म्हणजे अँपिअर-तास. सेलवर एमएएच लिहिलेलं असतं, हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर-तास. आणि जोर गुणिले पाणी, म्हणजे एकूण काम किती होईल, ते वॅट-तास. आपल्याला कामाचा आकडा हाच, वॅट-तास. बाकीचे आकडे जाहिरातीचे.

मोबाईलमध्ये असतो त्याच जातीचा लिथियम सेल या दिव्यांत असतो. गोल सेल मिळतो त्याला १८६५० म्हणतात. ही काही ताकद नाही, ते माप आहे. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याचा जोर साधारण ३.७ व्होल्ट. चांगल्या कंपनीच्या खऱ्या सेलमध्ये २००० ते ३५०० एमएएच मावतं. या मापात ९९०० मावतच नाही! पाच लिटरच्या हंड्यावर वीस लिटर लिहिलं म्हणून त्यात वीस लिटर पाणी राहील का? मी तेच वाचून फसले.

आता माझ्या चुकीचा हिशोब करू. सेलवर लिहिलेलं ९९०० एमएएच, म्हणजे ९.९ गुणिले ३.७, जवळजवळ ३६ वॅट-तास. दिवा ५ वॅटचा. म्हणजे सात तास जळायला हवा होता. पण चार्जर ताशी १००० एमएएच भरणारा, आणि सेल तासात फुल्ल. म्हणजे त्यात पाणी होतं जेमतेम १००० चं. १ गुणिले ३.७, झाले पावणेचार वॅट-तास. ५ वॅटचा दिवा त्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जळणार. ताईंना पहाटे जायलाच चाळीस मिनिटं लागतात. सगळा सेल जातानाच संपायचा. पटकन चार्ज होतो म्हणून मी जे कौतुक करत होते, तोच खरं तर धोक्याचा इशारा होता.

म्हणून ही पहिली परीक्षा लक्षात ठेवा. चार्जरवर लिहिलेला आकडा बघा, चार्जिंगला किती वेळ लागला ते बघा. मोठ्या आकड्याचा सेल लवकर भरला तर आकडा खोटा. दुसरी परीक्षा वजनाची. खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराच्या किंवा मसाल्याच्या काट्यावर ठेवा. ३० ग्रॅमच भरला तर परत करा.

दुसरी गोष्ट. आपल्याला किती लागतं ते आपण मोजायचं, दुकानदाराने नाही. कागद-पेन असेल तर घ्या.

अंधारात सायकल किती वेळ चालते? जायचे मिनिट आणि यायचे मिनिट दोन्ही धरायचे. आणि थंडीचे धरायचे, उन्हाळ्याचे नाही. आपल्याकडे जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सूर्य उगवायला सव्वासात वाजतात. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सहालाच सूर्य बुडतो. मे महिन्यात पुरतो तो दिवा जानेवारीत पुरेलच असं नाही.

समजा जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस मिनिटं. दीड तास धरू. दिवा ५ वॅटचा. ५ गुणिले दीड, साडेसात वॅट-तास रोजचे. आता त्यात निम्मे अजून मिळवा. का? कारण थोडी ताकद वायरीत आणि सर्किटमध्ये जाते, सेल जुना झाला की कमी भरतो, आणि एखाद्या दिवशी टेम्पो चुकतो, उशीर होतो. साडेसातचे झाले साधारण साडेअकरा. म्हणजे या ताईंना रोज बारा वॅट-तास हाताशी हवेत. हा त्यांचा आकडा. तुमचा वेगळा येईल. प्रत्येकीने आपला आकडा काढायचा आणि मगच दुकानात पाय ठेवायचा.

उजेड किती हवा, तेही बघू. सायकल ताशी पंधरा किलोमीटरने गेली तर एका सेकंदाला चार मीटर पुढे जाते. बारा मीटरवरचा खड्डा दिसला तर ब्रेक लावायला तीन सेकंद मिळतात. तेवढं दिसलं पाहिजे. चांगल्या एलईडीचा ५ वॅटचा दिवा ४०० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. गावच्या रस्त्याला तेवढा भरपूर झाला. खांबांचे दिवे चालू असलेल्या रस्त्यावर निम्म्यावर ठेवला तरी चालतो, आणि बॅटरी दुप्पट वेळ पुरते. दिव्याचं तोंड रस्त्याकडे खाली करा. सरळ ठेवला तर समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात आणि तोच आपल्या अंगावर येतो.

तिसरी गोष्ट, बॅटरीचे प्रकार. एकेक करून सांगते. सगळ्यांचे गुण आहेत, सगळ्यांचे तोटे आहेत.

साधे पेन्सिल सेल, वापरून फेकायचे. चांगला अल्कलाइन सेल तीन वॅट-तासांच्या आतच असतो, साधा स्वस्त सेल त्याहून कमी. बारा वॅट-तासांना रोज चार-पाच सेल लागतील. रोजचे! मोठ्या दिव्याला हे परवडत नाही. मागच्या छोट्या लाल दिव्याला मात्र हे सेल ठीक आहेत, त्याला फार कमी लागतं.

इमर्जन्सी दिव्यातली जड बॅटरी. ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासाची. सायकल दुरुस्तीवाले ती जोडून देतात. वॅट-तास होतात २७. पण ही शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी केली की लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. म्हणजे हातात तेरा-चौदा. वजन पाऊण किलोच्या आसपास. सायकल कायम एका जागी चार्ज होत असेल आणि कॅरिअरला जागा असेल तर चालेल. मिळायला सोपी, पण उचलायला जड.

डायनामो. आपल्या वडिलांच्या सायकलला असायचा, चाकाला घासून चालणारा. आठवतो ना? तेव्हा रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवायचे, म्हणून सगळे लावायचे. त्याचा नेहमीचा आकडा ६ व्होल्ट, ३ वॅट. चार्जिंगची कटकट नाही, वीज नसली तरी चालतो. पण पाय थोडे जड लागतात, सायकल थांबली की दिवा विझतो, आणि पावसात चाकावरून घसरतो. भारनियमन असलेल्या वाडीवरच्या बाईला मी अजूनही डायनामो सांगेन, पण सोबत छोटा बॅटरीचा दिवा ठेवायला लावून.

आतच बॅटरी असलेला दिवा, मोबाईलच्या पिनवर चार्ज होणारा. सुटसुटीत, हँडलवरून काढून घरात नेता येतो. पण त्यात बहुतेक २००० एमएएचचा एकच सेल असतो, म्हणजे सात-साडेसात वॅट-तास. ज्यांचा जाण्या-येण्याचा वेळ पाऊण तासाच्या आत आहे त्यांना तो पुरे. शाळा-क्लासला जाणाऱ्या मुलींनाही हा बरा. दीड तासवाल्या ताईंना मात्र कामाच्या ठिकाणी परत चार्ज करावा लागेल. दुकानात एक विचारा, चार्जिंगला लावलेला असताना हा दिवा चालू राहतो का? काही राहतात, काही बंद पडतात. चालू राहणारा असेल तर अडचणीला पॉवर बँक जोडता येते.

सुटे १८६५० सेल घालायचा दिवा. २६०० एमएएचचे दोन खरे सेल म्हणजे एकोणीस वॅट-तास, आपल्या बाराला छान पुरतात. सेल म्हातारे झाले की फक्त सेल बदलायचे, दिवा तोच. पण इथेच खोटे सेल सगळ्यात जास्त. आणि सुटा लिथियम सेल पिशवीत किल्ल्या, नाण्यांबरोबर टाकला तर दोन टोकं जोडली जाऊन तो तापतो, पेटतोही. सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत. दोन सेल एकत्र लावायचे तर एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. एक नवा एक जुना असं कधीच नाही, नवा जुन्याला ओढत बसतो आणि दोघेही बिघडतात. आत संरक्षण सर्किट आहे का ते विचारा. ते सेलला जास्त भरू देत नाही आणि पार रिकामाही होऊ देत नाही.

याच घरातला एक भाऊ आहे, लिथियम फॉस्फेट सेल. ३.२ व्होल्टचा, जाडजूड, ६००० एमएएचपर्यंत मिळतो, म्हणजे एकोणीस वॅट-तास एकाच सेलमध्ये. उष्णता जास्त सहन करतो, सहजासहजी पेटत नाही आणि योग्य वापरला तर दीड-दोन हजार वेळा चार्ज होतो. सौर पथदिव्यांत हा असतो. पण त्याला त्याचाच चार्जर लागतो. ३.७ वाल्या सेलचा चार्जर त्याला लावायचा नाही. दुरुस्तीचं जाणणारी बाई गटात असेल तर हा उत्तम, नसेल तर थांबा.

शेवटचा प्रकार, आणि दीड-दोन तासवाल्या बायकांसाठी मला हाच बरा वाटतो. पॉवर बँक आणि यूएसबी वायरवर चालणारा दिवा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत आत ३७ वॅट-तास असतात. पण बाहेर ५ व्होल्टने येताना काही कमी होतं. पाठीमागे बारीक अक्षरात खरा आकडा छापलेला असतो, बहुतेक ६००० एमएएचच्या आसपास. ५ गुणिले ६, झाले तीस वॅट-तास. रोजचे साडेसात धरले तर कागदावर चार दिवस, खरं बघता तीन दिवस. वर फोनही चार्ज होतो. रस्त्यात अडलो तर फोन चालू असणं हीपण सुरक्षाच आहे ना? आणि पॉवर बँकेवर बीआयएसची नोंदणी लागते. 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर माल ठेवून यायचं.

तोटे सांगते. पाऊस. वायरीचं तोंड. आणि एक गंमत, अगदी कमी वीज ओढणारा दिवा लावला तर बऱ्याच पॉवर बँका, काही जोडलेलंच नाही असं समजून आपोआप बंद होतात. म्हणून मागचा लाल दिवा पॉवर बँकेवर टाकू नका. तसंही पुढचा आणि मागचा दिवा वेगवेगळ्या बॅटरीवरच हवा. एक गेला तर दुसरा राहतो. पुढचा दिवा रस्ता दाखवतो, मागचा लाल दिवा ट्रेलरवाल्याला आपल्याला दाखवतो. त्या रात्री ताईंच्या सायकलला मागे काहीच नव्हतं. लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि टोपलीला, क्रेटला चमकणारी पट्टी, हे तिन्ही लावायचंच.

विजेचा खर्च किती, असं एका काकूंनी मघाशी विचारलं. वाया जाणारी धरून पॉवर बँक एकदा भरायला साधारण ५० वॅट-तास लागतात. एक युनिट म्हणजे हजार. म्हणजे एका युनिटमध्ये वीस वेळा. तीन दिवसांनी एकदा भरली तर महिन्याला अर्धं युनिट. घरचे बिलावरून बोलले तर हा आकडा सांगा.

चौथी गोष्ट, पावसाळा आणि जपणूक. आपल्याकडे वरून पाऊस, आणि उरणच्या बाजूला खारं वारं. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवट थर येतो आणि चार्जिंग थांबतं. रोज पिन कोरड्या फडक्याने पुसा. दिव्याच्या डब्यावर आयपीएक्स ४ असेल तर शिंतोडे चालतात, ६ असेल तर जोराचा मारा चालतो. पॉवर बँक झाकणाच्या डब्यात ठेवून हँडलच्या पिशवीत ठेवा. वायर डब्यातून बाहेर येताना खाली वळसा देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता वळणावरून खाली गळतं. भिजलेली वस्तू लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी पूर्ण सुकवायची.

चार्जिंग जागेपणी करा. उशीखाली, गादीवर, गॅसजवळ, गवताच्या पेंढ्यांजवळ अजिबात नाही. फरशीवर किंवा लाद्यांच्या ओट्यावर. उन्हात तापलेली बॅटरी आधी गार होऊ द्या. फुगलेली, चेपलेली, वास येणारी बॅटरी त्या क्षणापासून बाद, कितीही महाग असली तरी. धूर निघाला तर आधी मुलांना घेऊन बाहेर, मग ११२ किंवा १०१ ला फोन. वस्तू वाचवायला आत जायचं नाही.

आणि मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. कचरा गाडीत दाबली गेली तर तिथे पेटते, आणि तिथे हात घालणाऱ्याही आपल्यासारख्याच बायका असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, गटाच्या एका डब्यात कोरड्या वाळूत जमा करा, ई-कचरा गोळा करायला येतात तेव्हा एकदम देऊ.

आता शेवटचं, गटाने काय करायचं. मी केलं ते करू नका. दहा दिवे एकदम घेऊ नका. एक घ्या. पक्कं बिल आणि वॉरंटीचं कार्ड घ्या, कच्च्या चिठ्ठीवर नाही. मग घड्याळ परीक्षा करा. बॅटरी पूर्ण भरा, दिवा संध्याकाळी पूर्ण उजेडावर लावा आणि वेळ लिहा. सायकलवर वारा लागतो, घरात लागत नाही, म्हणून दिव्यासमोर पंखा ठेवा, नाहीतर तो तापून स्वतःच मंद होतो. दर अर्ध्या तासाने भिंतीवरच्या उजेडाचा त्याच जागेवरून मोबाईलवर फोटो काढा. उजेड निम्म्यावर आला ती वेळ खरी, पूर्ण विझायची वाट बघू नका. जाऊन-येऊन जितका वेळ लागतो त्याच्या दीडपट वेळ टिकला तरच बाकीचे नऊ घ्यायचे. आणि दर पावसाळ्याआधी ही परीक्षा परत करायची, कारण बॅटरी दरवर्षी थोडी थोडी कमी होते.

हे सगळं इतिवृत्तात लिहा. कुठला दिवा, किती वॅट-तास, किती वेळ जळला, कुणी तपासला. कर्जाच्या ठरावात आपण रक्कम लिहितो, हप्ता लिहितो. यापुढे वस्तूचे तासही लिहू.

कुणी म्हणेल, हे विजेचं काम आपल्याला कुठे जमणार? ताईंनो, आयआयटी मुंबई, म्हणजे इथून खाडीपलीकडे पवईला, त्यांच्या सौर दिव्यांच्या उपक्रमात वेगवेगळ्या राज्यांतल्या खेड्यांतल्या बचत गटाच्या बायकांनी मुलांच्या अभ्यासाचे दिवे स्वतः जोडले, विकले आणि दुरुस्तही केले. राजस्थानात डुंगरपूरच्या बायका तिथून पुढे जाऊन सौर पॅनेलच्या कारखान्यापर्यंत पोचल्या. आपल्या वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा गावच्या बायकांनीही ते काम हातात घेतलं. त्यांनी काही डिग्री घेतलेली नव्हती. गुणाकार आणि हातातलं काम, एवढ्यावर सुरुवात झाली. आपण व्याजाचा हिशोब तोंडी करतो. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास त्याहून सोपं आहे.

आणि त्या ताई? त्या आज इथे बसल्या आहेत, तिसऱ्या रांगेत. हात बरा आहे. पॉवर बँक आणि नवीन दिवा त्यांनीच गटासाठी तपासला, घड्याळ त्यांनीच लावलं. त्यांचा दिवा पहिल्या संध्याकाळी पाच तास दहा मिनिटं जळला. तो आकडा त्यांच्या हस्ताक्षरात इतिवृत्तात आहे. पुढच्या महिन्यापासून ज्या गटाला दिवे घ्यायचे असतील त्यांनी आधी त्यांना बोलवायचं, मला नंतर.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर वजनकाटा, दोन खरे सेल, दोन खोटे सेल आणि चार प्रकारचे दिवे ठेवले आहेत. प्रत्येकीने सेल हातात घेऊन बघा. आणि कागदावर आपले वॅट-तास काढून नाव-गावासकट मला द्या. कागद कोरा देऊ नका.

जय जिजाऊ, जय सावित्री.